आधी पेन्सिल, मग सेन्सर

डेटा लॉगर, म्हणजे सेन्सरची मापं ठरावीक वेळाने आपोआप नोंदवून त्यांचा आलेख दाखवणारं यंत्र, टेबलावर आला की मुलांचे हात थेट बटणाकडे जातात. माझ्या तासाला बटण सगळ्यात शेवटी. आधी प्रत्येकाने वहीत पेन्सिलने आलेख काढायचा: रेघ कुठे चढेल, कुठे उतरेल, कुठे आडवी राहील. अंदाज चुकला तरी तो खोडायचा नाही. यंत्राचा आलेख या अंदाजाशेजारी आला की मुलं प्रश्न विचारू लागतात. अंदाजच काढला नसेल तर ती पडद्याकडे बघून "झालं, बाई" म्हणतात आणि मोकळी होतात. लॉगर वापरण्याबद्दल मला एकच गोष्ट सांगायची असती, तर ती हीच सांगितली असती.

दर मिनिटाला एक नोंद पुरत असेल तिथे साधी तापमापी आणि घड्याळच द्या. रेघांमधलं माप डोळ्याने वाचण्याचा सराव मुलांना हवाच. लॉगर काढायचा तो डोळा पोचणार नाही इतक्या वेगवान बदलासाठी, नाहीतर कोणी बसून राहू शकणार नाही इतक्या संथ बदलासाठी.

सुरुवातीला मी स्टिअरिक आम्ल घेते. मेणासारखा पांढरा पदार्थ, शुद्ध असेल तर साधारण 69 अंश सेल्सिअसला वितळतो. परीक्षानळीत तीन-चार सेंटिमीटर भरा आणि नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात उभी करा, थेट ज्योतीवर धरू नका. सगळं वितळून 80 अंशांच्या आसपास पोचलं की नळी बाहेर काढून स्टँडला लावा. सेन्सरचं टोक नळीच्या मधोमध हवं. ते काचेला टेकलं तर तुमच्या हाती काचेचं तापमान येतं. दर 2 सेकंदांना एक नोंद, 20 मिनिटं, म्हणजे 600 नोंदी. यापेक्षा जास्त नोंदींनी या प्रयोगात काही वेगळं दिसत नाही.

अंदाजाच्या आलेखात जवळजवळ सगळी मुलं एक गुळगुळीत उतार काढतात. पडद्यावर मात्र रेघ उतरता उतरता थांबते आणि बराच वेळ आडवी चालते. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, "बाई, बाहेरची हवा तर गारच आहे. उष्णता जात असणारच. मग तापमान का थांबलं?" अप्रकट उष्मा, म्हणजे गोठताना पदार्थ तापमान न बदलता बाहेर टाकतो ती उष्णता, हा शब्द मी फळ्यावर लिहिला तो या प्रश्नानंतर. त्याआधी लिहिला असता तर ती नुसती व्याख्या झाली असती. तुमच्याकडची रेघ 69 च्या बरीच खाली थांबली आणि जराशी तिरकी दिसली तर घाबरू नका. साध्या प्रतीच्या स्टिअरिक आम्लात पामिटिक आम्ल मिसळलेलं असतं, त्याचा तो परिणाम. आणि एक विनवणी: पदार्थ गोठल्यावर सेन्सर ओढून काढू नका. नळी पुन्हा गरम पाण्यात ठेवा, पदार्थ वितळला की सेन्सर अलगद बाहेर येतो.

आता आकड्यांबद्दल. शाळांमध्ये बऱ्याचदा वापरला जाणारा डीएस18बी20 हा तापमान सेन्सर पूर्ण क्षमतेने चालवला तर 0.0625 अंशाची पायरी दाखवतो. मुलं वहीत 68.9375 असं उतरवतात आणि चार दशांश स्थळं पाहून ते अगदी अचूक आहे असं मानतात. पण याच सेन्सरची अचूकता आहे अधिक-उणे अर्धा अंश. बारीक पायरी आणि खरं माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे समजावण्यासाठी पूर्ण तास गेला तरी मला चालतो. सोपा मार्ग असा: बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ढवळून त्यात वर्गातले सगळे सेन्सर एकत्र बुडवा. सगळ्यांनी 0 दाखवायला हवं. एखादा 0.4 दाखवत असेल तर त्यावर चिठ्ठी लावा आणि साधारण तेवढा फरक पुढच्या नोंदींतून वजा करा. याच सेन्सरला बारीक पायरीवर एका मापनासाठी पाऊण सेकंदापर्यंत वेळ लागतो. त्यामुळे त्याच्याकडून सेकंदाला दहा नोंदी मागण्यात अर्थ नाही.

नोंदींचा वेग चुकला की काय होतं ते मी तारेच्या वेटोळ्यातून चुंबक सोडताना शिकले. लॉगर सेकंदाला 10 नोंदींवर होता. चुंबक वेटोळ्यातून जायला सेकंदाचे काही शतांशच लागतात, त्यामुळे आलेख सपाट आला. मुलांनी प्रामाणिकपणे लिहिलं, "वीज निर्माण झाली नाही." चूक माझी होती आणि त्यांच्या वहीत चुकीचा निष्कर्ष गेला, याची मला आजही रुखरुख आहे. आता मी सेकंदाला 1000 नोंदी ठेवते आणि व्होल्टेज ठरावीक पातळी ओलांडताच नोंदणी आपोआप सुरू होईल अशी सोय लावते. तेव्हा दोन उंचवटे दिसतात, एक शून्याच्या वर आणि दुसरा खाली. दुसरा जास्त उंच आणि अरुंद असतो, कारण तोवर चुंबकाचा वेग वाढलेला असतो. मुलांना चौकटी मोजून दोन्हींचं क्षेत्रफळ काढायला लावा. ते जवळजवळ सारखं येतं.

प्रकाश सेन्सरमध्ये हीच अडचण वेगळ्या रूपात येते. जिथे वीजपुरवठा 50 हर्ट्झचा आहे तिथे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. आपल्याला ते दिसत नाही, सेन्सरला दिसतं. संथ नोंदी घेतल्या तर आकडे उगाच नाचतात. सूर्यप्रकाश किंवा बॅटरीचा साधा टॉर्च वापरा.

सामूचा (पीएच) सेन्सर दर वेळी 4 आणि 7 च्या बफर द्रावणात, म्हणजे सामू ठाऊक असलेल्या द्रावणात, तपासून घ्या आणि त्याचं टोक कधी कोरडं किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवू नका. वेगळा लॉगर नसेल तर जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे मोफत अॅप मोबाइलमधलेच सेन्सर वापरतं. त्वरण आणि चुंबकीय क्षेत्रासाठी ते उत्तम आहे. मायक्रोबिट हा शाळांसाठीचा छोटा संगणक-बोर्ड वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्याच्यावरचं तापमान प्रोसेसरचं असतं, खोलीपेक्षा थोडं जास्त.

संथ प्रयोगांत मला सर्वांत प्रिय आहे तो मोड येणाऱ्या बियांचा. दोन थर्मास घ्या. एकात भिजवलेल्या बिया, दुसऱ्यात तेवढ्याच पण उकळून गार केलेल्या. तोंडाला कापसाचा बोळा लावा आणि दोन्हींत सेन्सर ठेवा. दर 10 मिनिटांना नोंद, तीन दिवस, म्हणजे प्रत्येकी 432 नोंदी. जवळ एक वही ठेवा आणि कोणी खिडकी उघडली, कोणी थर्मास हलवला, ते वेळेसकट लिहायला सांगा. आलेखातली एखादी अचानक खाच त्या वहीशिवाय कळत नाही. जिवंत बियांची रेघ हळूहळू वर सरकते, तो श्वसनाचा पुरावा. आणि तिसऱ्या दिवशी उकळलेल्या बियांचीही रेघ चढू लागली तर प्रयोग फसला म्हणून थर्मास रिकामा करू नका. बोळा काढा, मुलांना वास घ्यायला सांगा आणि या थर्मासमध्ये आता कोण श्वास घेतंय ते विचारा.