कॅराव्हॅनच्या गळक्या खिडक्या: सिलिकॉनची नळी आधी खाली ठेवा

मृग लागला की नाशिकमध्ये ठरलेला प्रकार सुरू होतो. कुणीतरी कॅराव्हॅन घेऊन इगतपुरीला किंवा भंडारदऱ्याला जातं, रात्रभर झड लागते आणि सकाळी खिडकीखालची गादी ओली सापडते. घरी परतताना हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी घेतली जाते, खिडकीच्या बाहेरच्या कडेने एक जाडसर रेघ ओढली जाते आणि काम झालं असं समजलं जातं. नाशिक शहरात वर्षाला साधारण 700 मिमी पाऊस पडतो, तर इगतपुरीत 3000 मिमीच्या पुढे. शहरात टिकलेली ती रेघ घाटमाथ्यावर पहिल्याच मुक्कामी उघडी पडते.

बाहेरून सिलिकॉन फासणं ही या कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, त्यामुळे तिच्याबद्दल जरा सविस्तर.

कॅराव्हॅनची खिडकी सहसा दोन भागांची असते. बाहेरून ॲल्युमिनियमची फ्रेम येते आणि तिची चपटी कड भिंतीच्या पत्र्यावर बसते. आतून एक रिंग येते, ती स्क्रूने फ्रेमला आवळली जाते आणि भिंत दोघींच्या मध्ये चेपली जाते. पाणी अडवते ती फ्रेमची कड आणि पत्रा यांच्यामधली ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी. ही टेप वर्षानुवर्षं सुकून कडक होत नाही. गाडी खड्ड्यातून गेली, भिंत किंचित पिळली, तरी ती सोबत ताणली जाते. पण दहा-बारा उन्हाळे काढल्यावर ती आक्रसते, वरच्या कोपऱ्यांत फटी पडतात आणि पाणी कडेच्या मागे शिरतं.

आता बाहेरून सिलिकॉन लावलं की काय होतं? वरच्या बाजूची एखादी बारीक फट हमखास राहते आणि तिथून पाणी आत जातच राहतं. पूर्वी ते खालच्या बाजूने थोडंफार बाहेर तरी पडायचं, आता ती वाटही तुम्हीच बुजवलेली असते. मग पाणी भिंतीतच मुरतं. असे तीन थर चढवलेली खिडकी काढली की एकच दृश्य दिसतं: बाहेरून पत्रा चकाचक, आतलं सनमाइका थोडं फुगलेलं आणि मधला प्लाय चहात बुडवलेल्या खारीसारखा, बोटाने उचलला तरी थराथराने सुटा होणारा. खालच्या पट्टीतल्या स्क्रूंना धरायला लाकूडच उरलेलं नसतं. एका टेपच्या रोलमध्ये भागलं असतं, तिथे सुतार, प्लाय आणि आतली भिंत असा खर्च येतो.

वर आणखी एक भुर्दंड असतो. सिलिकॉन जिथे लागलं तिथे नंतर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर धातूलाही खातं. ते काढायचं तर आधी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, मग सिलिकॉन रिमूव्हर आणि शेवटी पत्र्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा फडका. पत्रा साफ झाला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. टेपचा छोटा तुकडा दाबून दहा मिनिटं ठेवा आणि ओढा. सहज, काहीही मागे न सोडता निघाला तर सिलिकॉन अजून शिल्लक आहे. पुन्हा खरवडा. कंटाळा येतो, पण इथे घाई केलेली खिडकी पुढच्या पावसाळ्यात परत काढावी लागते.

गळती खिडकीतूनच आहे, हे कुणी ठरवलं?

दुसरी लाडकी चूक. पाणी खिडकीखाली दिसलं म्हणून खिडकीच काढायची. पाणी छताच्या कडेच्या पट्टीतून, वरच्या साइड लाइटच्या वायरच्या भोकातून किंवा ऑनिंगच्या (बाहेर ताणायच्या कापडी छपराच्या) पट्टीच्या स्क्रूतून भिंतीत शिरतं, खाली येता येता खिडकीच्या भोकाशी अडतं आणि तिथूनच आत टपकतं. सगळ्या खिडक्या नव्याने बसवूनही गळती तशीच, असं झालं की बहुतेक वेळा चोर वरच असतो.

चाचणी दोघांनी करायची. एकजण आत टॉर्च घेऊन, आतली रिंग काढून. दुसरा बाहेर बागेचा पाइप घेऊन, तोंडाला नोजल न लावता, नुसतं पाणी वाहू देत. सुरुवात खिडकीच्या खालच्या कडेपासून: पाच मिनिटं. मग दोन्ही बाजू, मग वरची कड, प्रत्येकी पाच मिनिटं. त्यानंतर छताची पट्टी आणि सगळ्यात शेवटी छत. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर वॉशर तर अजिबात नको. तो चांगल्या सीलमधूनही पाणी घुसवतो.

आणि डिसेंबरात पाऊस नसताना काचेखाली पाणी दिसलं तर ती गळती नव्हे. निफाडकडच्या थंडीत दोन माणसं रात्रभर सगळं बंद करून झोपली की श्वासातली वाफ काचेवर धरते. खिडकी बोटभर उघडी ठेवा, छताचा व्हेंट उघडा. टेपचा खर्च वाचेल.

काढताना आणि बसवताना

स्क्रू ड्रायव्हर घालून फ्रेम उचकटणारे लोक वेगळेच. ॲल्युमिनियमची कड एकदा वाकली की ती पुन्हा सपाट बसत नाही आणि त्या जागी कितीही टेप भरली तरी फट राहते. रिंग काढल्यावर हेअर ड्रायरने कड कोमट करा, प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवत चारही बाजूंनी फिरा. बाहेर एकाने खिडकी धरूनच ठेवायची.

खिडकी निघाली की टोच्याने भोकाच्या कडेचं लाकूड तपासा, खालची बाजू आणि दोन खालचे कोपरे आधी. टोच्या सहज घुसला तर ते लाकूड कापून काढायचं, वरून पुट्टी भरायची नाही. लाकूड नुसतं सादळलेलं असेल तर किमान दोन दिवस पंखा लावून वाळवा. रात्री भोकावर प्लास्टिक. ओल्या लाकडावर खिडकी बसवणं म्हणजे कुजण्याची सोय आतूनच करून देणं.

प्लाय बदलताना जाडी मोजा. हे जवळजवळ कुणीच करत नाही. रिंगवाली खिडकी ठराविक जाडीच्या भिंतीसाठीच बनलेली असते, अनेकदा 38 मिमी. नवा प्लाय दोन-तीन मिमी पातळ आला की स्क्रू पूर्ण आवळूनही रिंग फ्रेमवरच टेकते, भिंत चेपली जात नाही आणि टेप सैलच राहते. बाहेरून सगळं ठीक दिसतं, गळती मात्र पहिल्या दिवसापासून. आतून लाकडाची पातळ पट्टी देऊन जाडी भरून काढा.

टेप 3 मिमी जाड आणि 19 ते 25 मिमी रुंद घ्या. 75 बाय 55 सेंटिमीटरच्या खिडकीला परिघ 2.6 मीटर, म्हणजे 9 मीटरच्या रोलमध्ये तीन खिडक्या होतात. टेप भिंतीला नव्हे, फ्रेमच्या कडेला लावायची, सलग एकच पट्टी. सुरुवात खालच्या बाजूच्या मध्यावर आणि जोडही तिथेच, टोकं एकमेकांत दाबून. वरच्या कोपऱ्यात जोड देणारा माणूस पाण्याला दारच ठेवतो. कोपऱ्यात टेप ताणायची नाही, ताणली की ती पातळ होते आणि नंतर मागे सरकते. पत्रा नालीदार असेल तर प्रत्येक खोलगट जागी आधी टेपचा एक तुकडा भरा.

मेच्या दुपारी, पत्रा तापलेला असताना हे काम करू नका. टेप लोण्यासारखी होते आणि आवळताना सगळी बाहेर येते. जानेवारीच्या सकाळी उलट: टेप कडक असते, तासभर उन्हात ठेवून मग लावा.

स्क्रू हाताने आवळा. ड्रिल मशीनने एक बाजू घट्ट करून मग दुसरीकडे जाणं हा अधीरपणा फ्रेम पिळवटतो. समोरासमोरचे, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत. चारही बाजूंनी टेप सारखी बाहेर डोकावली की थांबा. दोन दिवस उन्हात गाडी उभी ठेवली की टेप आणखी दबते, तेव्हा पुन्हा एक हलकी फेरी. ही फेरी टाळणाऱ्यांचीच गाडी कसारा घाट उतरताना गळते. बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पट्टीने कापून घ्या, उरलेला चिकटपणा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा, फक्त पत्र्यावरून.

वरून सीलंट हवंच असेल तर एमएस पॉलिमर (सिलिकॉन नसलेलं, लवचीक राहणारं सीलंट) घ्या आणि फक्त वरची कड व दोन बाजूंना लावा. खालची कड उघडी ठेवायची. चुकून पाणी शिरलंच तर ते बाहेर पडायला वाट हवी. सीलंट दिवसाला साधारण 3 मिमी खोलवर पक्कं होतं, संध्याकाळी लावून पहाटे निघू नका.

बाकीच्या चुका, थोडक्यात

सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीतली छोटी भोकं पाणी बाहेर जाण्यासाठी असतात. ती सीलंटने बुजवू नका, उलट काडीने साफ करा.

ॲक्रिलिकच्या खिडकीला पेट्रोल, थिनर, टर्पेंटाइन यांपैकी काहीही लावू नका, अल्कोहोलही नको. बारीक तडे जातात आणि ते परत जात नाहीत. साबणाचं पाणी पुरे.

गंजलेले स्क्रू परत वापरू नका, स्टेनलेसचे घ्या. भोक सैल झालं असेल तर जास्त लांब स्क्रू घालण्याआधी फ्रेममागे काय आहे ते बघा. वायर असू शकते.

टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या बॉडीत काच बहुतेक वेळा रबरात बसवलेली असते, तिथे वरचं टेपचं गणित लागू नाही. उन्हाने आक्रसलेलं रबर सीलंट भरून वाचत नाही, ते बदलावंच लागतं, आणि नवं रबर कापताना सेंटिमीटरभर लांब ठेवून जोड दाबून बसवायचा.