दिवाळी अंकाची कथा लिहायची आणि झोपायचंही: कसं जमवावं?

गणपती उठले की संपादकांचे फोन सुरू होतात, "कथा कुठवर आली?" नोकरी, घर, मुलांचा अभ्यास उरकून लिहायचं तर हाताशी उरते ती रात्र. मीही कित्येक वर्षं दोन-दोन वाजेपर्यंत जागून लिहीत असे. एकदा तिसऱ्या पानावर वारलेली आत्या अकराव्या पानावर पोहे करत बसली होती. ते माझ्या नव्हे, मुद्रितशोधकाच्या लक्षात आलं! त्यानंतर हा क्रम लावून घेतला.

आधी उठायची वेळ ठरवा. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी. सहाला उठायचं असेल तर साडेदहाला दिवा बंद. रविवारीसुद्धा तेच.

दुसरं, रात्री उशिराच्या मजकुरावर भरवसा ठेवू नका. सतरा तास सलग जागा असलेला माणूस चाचण्यांमध्ये जवळपास तितकाच मंदावलेला आढळला आहे, जितका रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्य असलेला माणूस मंदावतो. आपल्याकडे ३० च्या वर गेलं की गाडी चालवणं गुन्हा. सहाला उठलेल्याचे सतरा तास रात्री अकराला भरतात. गंमत म्हणजे त्या वेळी वाटत असतं, काय झकास उतरतंय!

चहाचा शेवटचा कप चारला. त्यातल्या कॅफिनपैकी निम्मं साधारण पाच-सहा तासांनीही अंगात असतं.

खरी मेख आहे ती थांबण्यात. झोपेच्या तासभर आधी लेखन थांबवा, पण अडलेल्या जागी नको. अडलं तिथे सोडलंत तर ती गाठ अंथरुणातही सोडवत बसाल. पुढचं वाक्य ठाऊक असतानाच पेन ठेवा. मग पाच मिनिटं वहीत उद्याची कामं लिहा: आत्याचा संवाद, बाजाराचा प्रसंग, वीजबिल. २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पुढची कामं लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. हे वहीतच लिहा. फोन हातात घेतलात की संपादकांचा मेसेज दिसणारच.

सुट्टीच्या दिवशी वामकुक्षी घ्या, वीस मिनिटांचा गजर लावून. तास-दीड तास ताणलीत तर उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्रीची झोपही पळते.

आणि मुदत अगदी उद्यावरच आली तर? रात्र जागू नका. जेवून साडेनऊला झोपा, साडेचारला उठा. पहाटे घर शांत असतं आणि डोकंही ताजं. पण अकरा वाजून गेले असतील तर हा डाव सोडा आणि संपादकांकडे दोन दिवस मागून घ्या. बहुतेक वेळा मिळतात. त्यांनीही तुम्हाला तारीख चार दिवस अलीकडचीच सांगितलेली असते.