जड ट्रॅव्हल ट्रेलरसाठी ट्रक आणि हिच कसे निवडावेत

अमेरिकेतली बरीच मराठी कुटुंबं काही वर्षं तंबू ठोकून फिरल्यावर ट्रॅव्हल ट्रेलरकडे वळतात. भारतातून आई-बाबा उन्हाळ्यासाठी आले की हा विचार पक्का होतो. त्यांना यलोस्टोन दाखवायचं असतं, पण रात्री जमिनीवर झोपवायचं नसतं. ट्रेलरमध्ये पलंग, संडास आणि स्वयंपाकाचा ओटा, तिन्ही सोयी मिळतात. मग ट्रकच्या दुकानात गेलं की विक्रेता एकच आकडा पुढे करतो, ‘हा ११,००० पौंड ओढतो’.

आकडा खोटा नसतो, फक्त निर्णयाला फारसा उपयोगी नसतो. ओढणं हे इंजिनाचं आणि गिअरचं काम. ट्रेलरचा पुढचा भाग ट्रकच्या शेपटीवर टेकतो, तो भार मागच्या स्प्रिंगांनी, ॲक्सलने आणि टायरांनी पेलायचा असतो. घरच्यांना घेऊन जड ट्रेलर नेताना ट्रक कमी पडतो तो बहुतेक वेळा पेलण्यात. म्हणून आधी ट्रेलर ठरवा, मग त्याचा भार मोजा, त्यावरून ट्रक निवडा आणि हिच, म्हणजे ट्रकला ट्रेलर जोडणारी यंत्रणा, शेवटी. ट्रक आधी घेऊन मग त्याच्यामागे बसेल असा ट्रेलर शोधणाऱ्यांना तडजोडच करावी लागते.

पहिली पायरी: ट्रेलरचं खरं वजन

माहितीपत्रकात ठळक छापलेलं ‘ड्राय वेट’ विसरून जा. त्यात पाणी नसतं, भांडीकुंडी, गाद्या-पांघरुणं, तांदूळ-डाळी नसतात, आणि बॅटरीही बहुधा नसते. पाणी गॅलनला साडेआठ पौंडांच्या आसपास भरतं. म्हणजे ५० गॅलनची टाकी भरली की ४०० पौंडांहून जास्त वजन वाढलं.

हिशेबाला जीव्हीडब्ल्यूआर धरा, म्हणजे सामानासकट ट्रेलरचं कमाल परवानगीचं वजन. ते ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूला, बहुधा पुढच्या डाव्या कोपऱ्याजवळच्या स्टिकरवर असतं. आपण ७,६०० पौंडांचा, म्हणजे साधारण ३,४५० किलोंचा, २७-२८ फुटी ट्रेलर घेऊ.

दुसरी पायरी: जिभेवरचा भार

ट्रेलर हिचच्या बॉलवर, म्हणजे ज्या धातूच्या गोळ्यावर तो टेकतो त्यावर, जो भार टाकतो त्याला टंग वेट म्हणतात. तो भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असायला हवा. बैलगाडीत मागे माल जास्त झाला तर गाडी उलाळते आणि पुढे जास्त झाला तर सगळं बैलांच्या मानेवर येतं. ट्रेलरचं गणितही तेच आहे. फरक एवढाच की ट्रेलर ताशी ६० मैलांनी धावतो आणि पुढचा भार कमी पडला तर शेपटी डावी-उजवीकडे हलवू लागतो. हा ‘स्वे’ वाढत गेला तर ट्रकलाही रस्त्याबाहेर ओढतो. त्यामुळे टंग वेट कमी करून ट्रकच्या मर्यादेत बसवायचा मोह टाळा. मागच्या बंपरवर चार सायकली टांगून पुढचा भार हलका करणारे लोक दिसतात, त्यांची मला खरोखर काळजी वाटते.

मी हिशेबाला १३ टक्के धरतो. ७,६०० चे १३ टक्के म्हणजे ९८८ पौंड.

तिसरी पायरी: ट्रकच्या दाराचा स्टिकर

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर टायरच्या माहितीचा पिवळा-पांढरा स्टिकर असतो. त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. हा त्या विशिष्ट ट्रकचा पेलोड. एकाच मॉडेलच्या शेजारी-शेजारी उभ्या दोन ट्रकांत तो काही शे पौंडांनी वेगळा निघतो, कारण काचेचं छत, मोठी चाकं, आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या हे सगळं त्यातूनच वजा झालेलं असतं. म्हणून संकेतस्थळावरचा ‘कमाल’ आकडा धरू नका.

आता बेरीज करा. टंग वेट ९८८. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (भार वाटून देणारं हिच, त्याबद्दल पुढे) स्वतः १०० च्या आसपास. नवरा-बायको ३२०, आई-बाबा २८०, मुलगा ८०. मागच्या हौद्यात खुर्च्या, कूलर, हत्यारं, झाकण मिळून २००. एकूण १,९६८ पौंड.

एफ-१५०, सिल्वेरॅडो १५००, रॅम १५००, टुंड्रा हे ‘हाफ-टन’ वर्गातले ट्रक. कुटुंबासाठी घेतल्या जाणाऱ्या, चार दारांच्या ऐसपैस मॉडेलांत १,३०० ते १,८०० पौंड पेलोड सर्रास दिसतो. समजा स्टिकरवर १,५०० आहे. मग ११,००० ओढू शकणारा ट्रक ७,६०० च्या ट्रेलरखाली ४६८ पौंडांनी जास्त लादला गेला.

हे असं का होतं? अमेरिकेत ओढण्याची क्षमता एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या प्रमाणानुसार मोजतात. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा ११ मैलांहून लांब चढ एसी पूर्ण चालू ठेवून चढायचा असतो आणि साध्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांखाली जाऊन चालत नाही. टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलांपासून सर्वांत आधी स्वीकारलं. प्रमाण चांगलंच आहे, पण त्यात ट्रकमध्ये १५० पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. आई-बाबा आणि मुलगा त्या हिशेबात नाहीत.

ट्रक कोणता?

भरलेला ट्रेलर ७,००० पौंडांच्या वर आणि गाडीत चार-पाच माणसं असतील तर माझं मत स्पष्ट आहे: थ्री-क्वार्टर-टन घ्या. एफ-२५०, रॅम २५००, सिल्वेरॅडो २५०० एचडी हे या वर्गातले ट्रक. पेट्रोल इंजिन असेल तर पेलोड बहुधा २,५०० ते ३,५०० पौंड मिळतो. डिझेलची ओढ जबरदस्त असते, पण ते इंजिन काही शे पौंडांनी जड असतं आणि ते वजन पेलोडमधूनच जातं. त्यामुळे सगळ्या सुखसोयींनी भरलेल्या डिझेल एफ-२५० किंवा रॅम २५०० चा पेलोड २,००० च्या आसपास निघू शकतो. ‘मोठा ट्रक घेतला, आता काळजी नाही’ असं समजू नका, स्टिकर इथेही वाचायचाच.

डिझेल कोणी घ्यावं? जे वारंवार डोंगरात जातात त्यांनी. कोलोरॅडोत डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-७० हायवे आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फुटांवर पोचतो. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारी सोय) नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे तिथे जवळपास एक तृतीयांश कमी. टर्बो असलेल्या डिझेलला हा त्रास फार कमी होतो. शिवाय डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक उतारावर ट्रेलर आवरून धरतो आणि चाकांचे ब्रेक तापत नाहीत. टेक्सास किंवा मिडवेस्टच्या सपाट रस्त्यांवर फिरणाऱ्यांना पेट्रोल पुरेसं आहे.

लांब व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ट्रेलरला जास्त स्थिर ठेवतो. कारखान्यातून आलेला ब्रेक कंट्रोलर (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणारी सोय) आणि ट्रेलर ओढताना वापरायचे लांब आरसे हवेतच. ट्रेलरचं टंग वेट मागच्या ॲक्सलवर येतं, म्हणून त्या ॲक्सलची मर्यादाही दाराच्या स्टिकरवर पाहून ठेवा.

हिचची निवड

ट्रकच्या बंपरवरच्या बॉलला जड ट्रेलर कधीच जोडू नका. चेसिसला जोडलेला चौकोनी रिसीव्हर, म्हणजे हिच ज्यात बसतं ती नळी, लागतो. क्लास तीनचे रिसीव्हर साधारण ८,००० पौंडांपर्यंत चालतात आणि त्यापुढे क्लास चार-पाच. रिसीव्हरच्या स्टिकरवर बहुधा दोन आकड्यांच्या जोड्या असतात: एक साध्या बॉलसाठी, दुसरी वेट डिस्ट्रिब्युशनसाठी. अनेक हाफ-टन ट्रकांवर साध्या बॉलची मर्यादा फक्त ५,००० पौंड आणि टंग वेट ५०० असते. ते वाचल्यावर वेट डिस्ट्रिब्युशन ऐच्छिक नाही हे लक्षात येतं. या वजनाच्या ट्रेलरला बॉल सहसा २ ५/१६ इंचांचा लागतो. कपलरवर, म्हणजे ट्रेलरच्या टोकाच्या बॉलवर बसणाऱ्या भागावर, छापलेलं माप पाहूनच घ्या.

वेट डिस्ट्रिब्युशन हिचमधले स्प्रिंग बार मागच्या ॲक्सलवरचा काही भार पुढच्या ॲक्सलवर आणि काही ट्रेलरच्या ॲक्सलांवर सरकवतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल लागतं आणि पुढचे ब्रेक नीट पकडत नाहीत, त्यावर हा इलाज आहे. पण कमी पेलोडच्या ट्रकला तो जास्त पेलोडचा करत नाही. बार ८००, १,०००, १,२०० अशा मापांत मिळतात. टंग वेटमध्ये हौद्यातलं, मागच्या ॲक्सलच्या पाठचं सामानही मिळवा. आपल्या उदाहरणात १,२०० चे बार बरोबर. गरजेपेक्षा फार जड बार घेतले तर ट्रेलर खडखडतो.

स्वे रोखायची सोय हिचमध्येच असलेली बरी. ‘इक्वल-आय-झर’सारख्या हिचमध्ये घर्षणाने ते साधतं आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. ‘हेन्स्ली’ किंवा ‘प्रोप्राइड’ची रचना वेगळी. त्यांच्या जोड-दांड्यांमुळे ट्रेलर जणू ट्रकच्या मागच्या ॲक्सलजवळच्या बिंदूभोवती वळतो, त्यामुळे स्वे मुळातच उद्भवू देत नाहीत. पण ते महाग आणि जड असतात. ३० फुटांच्या वरचा ट्रेलर आणि दरवर्षी हजारो मैल असतील तर तो खर्च सार्थकी लागतो.

जोडणी तपासा

सपाट जागी ट्रकच्या पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची मोजा: एकदा ट्रेलरशिवाय, मग ट्रेलर टेकवून बार न लावता, मग बार लावून. समजा ती ४० इंचांवरून ४१.५ झाली आणि तुमच्या ट्रकचं मॅन्युअल निम्मी भरपाई सांगत असेल, तर बार लावल्यावर ४०.७५ आली पाहिजे. किती भरपाई हवी हे प्रत्येक ट्रकचं वेगळं असतं, ते मॅन्युअलमधूनच घ्या. ट्रेलर सपाट किंवा नाकाकडे किंचित झुकलेला असावा.

ट्रेलरच्या सुरक्षा साखळ्या कपलरखाली एकमेकींवर फुलीसारख्या अडकवा. ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या स्विचची) तार ट्रकच्या चेसिसला स्वतंत्र अडकवा, साखळीला नको. ट्रेलरच्या ब्रेकांबाबत राज्याराज्यांत कायदे वेगळे आहेत. पुष्कळ राज्यांत ३,००० पौंडांच्या वर ब्रेक सक्तीचे आहेत. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादाही ताशी ५५ मैलच.

मग भरलेल्या संसारासकट जवळच्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे वजनकाट्यावर, जा. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी छापून मिळतात. बार लावून एकदा, बार काढून एकदा, आणि ट्रेलर सोडून नुसत्या ट्रकची एकदा. दुसऱ्या पावतीतल्या ट्रकच्या दोन ॲक्सलांच्या बेरजेतून तिसरीतली बेरीज वजा केली की खरं टंग वेट मिळतं. पहिल्या पावतीतला प्रत्येक आकडा दारावरच्या आणि ट्रेलरवरच्या मर्यादांशी ताडून पाहा.

रस्त्यात स्वे सुरू झालाच, तर ट्रकचा ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंगने उलटसुलट सावरायला जाऊ नका. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू उचला आणि ब्रेक कंट्रोलरची पट्टी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ही पट्टी कुठे आहे ते रिकाम्या पार्किंगमध्ये, ताशी २० मैलांच्या वेगात, न बघता हात जाईपर्यंत घोटून घ्या.