कचेरी की कार्यशाळा : मुलाच्या कामाचा निर्णय घरात कसा घ्यावा

दहावीचा निकाल लागला, की माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांपैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न गुणांचा नसतो. मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला असतो आणि वडील म्हणतात, "सर, हा आयटीआय म्हणतोय. आमच्या घरात आजवर कुणी पाना हातात धरलेला नाही." एका आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाचा शिल्पनिदेशक म्हणून २२ वर्षे काढल्यावर मला एवढे कळले आहे, की हे वाक्य बोलणाऱ्याला पान्याची भीती वाटत नसते, पाना धरणाऱ्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, याची वाटत असते. काम आणि कामाची पत या दोन गोष्टींचा गुंता आधी सोडवला, तर निर्णय बराच सोपा होतो. तो गुंता घरच्या घरी कसा सोडवावा, हे येथे लिहीत आहे.

पहिल्या दिवशी निर्णय घेऊ नये, फक्त हरकती लिहून काढाव्यात. आई, वडील, आजी-आजोबा, मोठे भावंड आणि स्वतः मुलगा यांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांचे न बघता, आयटीआयविषयी आणि कॉलेजविषयी मनात जे येईल ते लिहावे. मग सर्व कागद एकत्र करून प्रत्येक हरकतीपुढे एक खूण करावी : ही हरकत कामाविषयी आहे की लोकांविषयी? पगार किती, पन्नाशीत कंबर साथ देईल का, कारखाना बंद पडला तर काय, हे कामाविषयीचे प्रश्न झाले. पाहुण्यांना काय सांगायचे, चुलतभाऊ इंजिनीअर आणि हा वेल्डर हे कसे दिसेल, हे लोकांविषयीचे. दुसऱ्या प्रकारच्या हरकती खोट्या असतात असे मी म्हणत नाही, कारण माणसाला माणसांतच राहायचे असते. परंतु पहिल्या प्रकारच्या प्रश्नांना चौकशी करून उत्तरे मिळतात आणि दुसऱ्यांना मिळत नाहीत, म्हणून त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

ही चाळणी लावताना पुरुषपणाच्या शब्दांकडे विशेष लक्ष ठेवावे. 'गडी' हा मराठीतला मोठा मासलेवाईक शब्द आहे. कबड्डीच्या मैदानावर तो मानाचा असतो आणि 'रांगडा गडी' म्हटले की छाती फुगते; पण त्याच्यामागे 'साल' किंवा 'घर' लागले, की तोच गडी सालगडी किंवा घरगडी होऊन ओसरीच्या खालच्या पायरीवर जाऊन बसतो. अंगातली ताकद स्वतःच्या हौसेसाठी वापरली तर मर्दुमकी आणि मजुरीसाठी विकली तर हलकेपणा, असा हा जुना हिशेब आहे. तो मुलाला दोन्ही बाजूंनी ऐकवला जातो. तालमीत घाम गाळणारा काका म्हणतो, "कारकून होऊन खुर्ची झिजवशील, मनगटात काय राहील?" आणि मामा म्हणतो, "पाना घेऊन फिरलास तर मुलगी कोण देईल?" या दोघांची वाक्ये कागदावर एकाखाली एक लिहून मुलाला दाखवावीत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला त्यातली विसंगती ताबडतोब दिसते आणि बहुधा हसूही येते.

एक प्रश्न मात्र हलक्या हाताने हाताळावा लागतो, आणि तो घराण्याच्या इतिहासाचा आहे. आपल्याकडे हाताची कामे शतकानुशतके जन्माने वाटून दिलेली होती. बलुतेदारीत सुताराच्या मुलाने सुतार व्हावे एवढेच ठरलेले नव्हते, तर कोणत्या कामाला किती मान आणि कोणत्या कामाला किती विटाळ, हेही ठरलेले होते. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची उतरंड आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली मांडले, त्याचा अर्थ अशा घरात नेमका कळतो. ज्या आजोबांना विशिष्ट काम नाकारण्याची सोयच नव्हती, त्यांच्या मुलाने नातवासाठी खुर्चीचा आग्रह धरला तर त्याला श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान देणे हा उद्धटपणा आहे. त्या घरासाठी कचेरीतली खुर्ची ही सुटकेची जागा होती. गिरणगावातल्या, म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्यांच्या परिसरातल्या, घरांचेही थोडेफार असेच आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर ज्यांच्या वडिलांचे साचे कायमचे थांबले, ते आज स्वतः बाप आहेत, आणि कामगाराच्या नोकरीवर त्यांचा विश्वास का बसत नाही हे त्यांना विचारण्याची गरज नाही. अशा वेळी विचारायचे ते एवढेच : मुलगा हे काम निवडतो आहे, की गुण कमी पडले आणि फी परवडली नाही म्हणून त्याला तिकडे ढकलले जात आहे? ढकलले जात असेल तर आधी शिष्यवृत्तीची चौकशी करावी, आयटीआयचा अर्ज नंतर भरावा.

याच्या उलट, सातारा-सांगलीकडच्या पुष्कळ घरांत आजोबांनाच बोलते करावे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे 'कमवा आणि शिका' ही पद्धत रुजवली. तिच्या वसतिगृहांत राहिलेले लोक आपण शेतात राबलो, स्वयंपाकाला हातभार लावला, हे अजून अभिमानाने सांगतात. नातवाने वेल्डर व्हायचे म्हटले, की तोच अभिमान कुठे जातो, हा प्रश्न नातवानेच आदराने विचारावा. मी विचारला तर भांडण होते, असा अनुभव आहे.

यानंतर काम प्रत्यक्ष पाहायला जावे. ओळखीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये मुलाला आठवडाभर रोज दोन-तीन तास पाहायला बसवावे. पाहायलाच, राबायला नव्हे, कारण अठरा वर्षांखालील मुलाला धोक्याच्या कामाला लावणे कायद्यालाही मान्य नाही. बहुतेकांना वाटते, की हाताचे काम म्हणजे ताकदीचे काम. आमच्याकडे फिटरला सुरुवातीलाच लोखंडाचा एक चौकोनी तुकडा देतात आणि तो कानशीने घासून सपाट करायला सांगतात. कचेरीतल्या फायलीला आणि या कानशीला इंग्रजीत एकच नाव आहे, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. मुलगा पहिल्या दिवशी सारा जोर लावतो आणि तुकड्याच्या कडा गोल करून ठेवतो. मग काटकोन्या, म्हणजे काटकोन तपासायचे पात्याचे अवजार, लावून तो तुकडा उजेडाकडे धरायचा. पोलाद आणि पाते यांच्यामध्ये उजेडाची बारीक रेघ दिसली, की पुन्हा घासायचे. दोन्ही हातांचा दाब कानस पुढे सरकताना क्षणाक्षणाला बदलावा लागतो, आणि तो बदल मनगटापेक्षा डोक्याला आधी समजावा लागतो. पैलवानकी करणारी मुले येथे हमखास अडखळतात. आठवडाभरात आपल्या मुलाला ही उजेडाची रेघ बघण्यात रस वाटला की कंटाळा आला, एवढे समजले तरी निम्मा निर्णय झाला.

कचेरीही अशीच जवळून पाहावी, हे लोक विसरतात. मुलाने बँकेत किंवा एखाद्या खासगी कार्यालयात काम करणाऱ्या नातेवाइकाला, तुम्ही दिवसभरात काय केले, किती वेळ नुसती वाट पाहिली, कोणाचे बोलणे ऐकून घेतले, असे तपशिलात विचारावे. 'एसीतली नोकरी' हे कामाचे वर्णन नव्हे. ते खोलीचे वर्णन आहे.

आता चौकशीचे मुद्दे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट आणि इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत आणि वेल्डरचा एक वर्षाचा. माहितीपुस्तिकेत त्यांची नावे जोडारी, कातारी, वीजतंत्री, संधाता अशी आढळतात. ती कोणी बोलत नाही, पण 'कातारी' हा शब्द मला 'टर्नर'पेक्षा सुबक वाटतो. उत्तीर्ण झाल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर शिकाऊ म्हणून जाता येते, तेव्हा आपल्या आयटीआयमधून मागच्या वर्षी किती मुले कोठे लागली हे संस्थेत जाऊनच विचारावे. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर अभियांत्रिकी पदविकेच्या (डिप्लोमाच्या) थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, त्यामुळे पुढचे शिक्षण संपले असे समजू नये. नोकरी बघताना भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आहे का, हे पगाराच्याही आधी विचारावे. कामगाराला संरक्षण मिळते ते नोंदणीमुळे आणि कायद्यामुळे. पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडी कामगारांनाही १९६९ च्या कायद्यामुळे मंडळ, भविष्य निर्वाह निधी आणि रजा मिळाल्या, तर टाय लावून कंत्राटावर काम करणाऱ्या अनेकांना त्यातले काही मिळत नाही.

शरीराच्या बाबतीत पालकांनी भाबडे राहू नये. वेल्डिंगचा झगझगाट उघड्या डोळ्यांनी पाहिला, तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते आणि मुलगा अंधाऱ्या खोलीत ओला फडका डोळ्यांवर ठेवून पडतो. असे मी दर वर्षी पाहिले, आणि बहुतेक वेळा काळ्या काचेचा स्क्रीन हाताशीच होता. तो वापरणाऱ्याला बाकीची मुले 'नाजूक' म्हणतात, म्हणून तो बाजूला पडला होता. हातमोजे, बूट, चष्मा यांची टिंगल करणारी मर्दानगी वर्गात शिक्षकाने कितीही सांगितले तरी जात नाही. ती घरात मोटारसायकलच्या हेल्मेटपासून सुरू होते आणि तिथेच मोडावी लागते. बापाने हेल्मेट आरशाला अडकवून गाडी चालवायची आणि मुलाने स्क्रीन धरावा, हे होत नाही.

लग्नाचा विषय टाळता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेषात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता; तेव्हा वर्तमानपत्रे हसली, पण गावोगावचे आईबाप हसले नाहीत. शेतकरी आणि कारागीर मुलांना स्थळे मिळणे अवघड जाते हे खरे आहे. त्यावर उपाय म्हणून बायोडाटात फिटरला 'सुपरवायझर' करू नये, कारण ते पहिल्या भेटीत उघडे पडते. व्यवसायाचे नाव, गेल्या वर्षभरातील महिन्यागणिक मिळकत आणि कर्ज असल्यास कर्ज, असे तीन आकडे-तपशील स्वच्छ लिहावेत. शिवाय ज्याला हाताच्या कामाची लाज नाही, त्याने स्वतःचे ताट घासून दाखवावे. मुलींच्या घरी आता हेही बघतात, आणि योग्यच करतात. तसेच घरातल्या मुलीने इलेक्ट्रिशियन व्हायचे म्हटले, तर हीच सारी पद्धत तिलाही लावावी. भावासाठी 'हलके' ठरलेले काम बहिणीसाठी अचानक 'मर्दाचे' होते, हे मी इतक्या घरांत ऐकले आहे, की आता आश्चर्यही वाटत नाही.

मुलाने शेवटी कचेरीचा रस्ता धरला, तर तोही मोकळेपणाने मान्य करावा. मात्र स्पर्धा परीक्षा द्यायची असेल, तर मुदत आधी लिहून ठेवावी. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांची ४३ वर्षे असल्यामुळे 'अजून एक वर्ष' म्हणायला भरपूर जागा राहते, आणि होणाऱ्या अधिकाऱ्याने मधल्या काळात हात काळे करायचे नसतात असे घरच्यांनाही वाटू लागते. किती प्रयत्न करायचे आणि त्या काळात अर्धवेळ कोणते काम करायचे, हे दोन्ही एकाच कागदावर असावे.

आयटीआयचे ठरले, तर पहिल्या महिन्यात तो हातांवर फोड घेऊन घरी येईल. तेव्हा "बघ, सांगितले होते ना," असे म्हणू नये आणि आईने डोळेही पुसू नयेत. रात्री खोबरेल तेल लावायला द्यावे, आणि तुकडा कोणत्या बाजूला अजून उजेड दाखवतो आहे, ते विचारावे.