कामगार कपात करायची वेळ आली तर आधी मस्टर काढा, मग माणसं बोलवा

मोठ्या गिऱ्हाईकाची ऑर्डर एकदम निम्म्यावर आली की कोल्हापूरच्या एमआयडीसींत, शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो नाहीतर कागल पंचतारांकित, मालक मंडळींत एकच सल्ला फिरतो, राजीनामे लिहून घ्या, विषय संपला. विषय तिथं संपत नाही वो, सुरू होतो. दबाव टाकून घेतलेला राजीनामा कोर्टात टिकणं लै अवघड, आणि त्याहून वाईट म्हणजे वीस वर्षं फर्नेससमोर उभं राहिलेल्या माणसाला आपण स्वतःच्या सहीनं त्याच्या हक्काचे पैसे सोडायला लावतो. कपात आहे ना, मग तिला कपातच म्हणा आणि सरळ रस्त्यानं करा.

सगळ्यात आधी कपात खरंच लागते का ते बघा. ओव्हरटाइम बंद करा, एक शिफ्ट कमी करून बघा, कॉन्ट्रॅक्टरकडनं नवीन माणसं घेणं थांबवा. काम थोड्या दिवसांसाठीच कमी असेल तर ले-ऑफ, म्हणजे नोकरी न तोडता तात्पुरतं घरी बसवणं, देता येतो, ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वर्षाची सर्व्हिस झालेल्याला बेसिक आणि डीएच्या (महागाई भत्त्याच्या) निम्मे पैसे मिळतात. एकीकडं परमनंट माणूस काढायचा आणि दुसरीकडं त्याच मशीनवर ठेकेदाराचा पोरगा उभा करायचा, हे केलंत तर पुढचं सगळं कागदकाम वाया गेलं समजा.

आता कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय, म्हणजे १९४७ च्या जुन्या कायद्याचे फॉर्म कुणी दिले तर ते चालतात का ते आधी विचारून घ्या. ३०० किंवा जास्त कामगार असतील तर आधी सरकारची परवानगी लागते, आणि तिथं वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नका. आपल्याकडची बहुतेक युनिटं त्याच्या खालची, त्यांच्यासाठी तीन गोष्टी आहेत: एक महिन्याची लेखी नोटीस, तीही कारण लिहून, किंवा तेवढा पगार, भरपाई, आणि सरकारला कळवणं. कळवलेल्या कागदाची पोच घ्या आणि जपून ठेवा.

हे कुणाला लागू? ज्याची वर्षभराची सलग सर्व्हिस झालीय त्याला, म्हणजे साधारण मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस. इथं मस्टरवरचे फक्त कामाचे दिवस मोजू नका, पगारी सुट्ट्या आणि पगारी रविवारसुद्धा धरावे लागतात, सुप्रीम कोर्टानं हे १९८५ मध्येच सांगितलंय. आणि मुद्दाम ब्रेक देऊन २४० च्या आत ठेवायची जी सवय आहे ना आपल्याकडं, ती सोडा. सुपरवायझरचं काम करणारा आणि १८,००० च्या वर पगार असलेला माणूस या नियमात बसत नाही, त्याचं अपॉइंटमेंट लेटर काढून बघा.

मी माझ्या शॉपमध्ये सात जणांची कपात केली तेव्हा यादीत माझी स्वतःची चूक झाली होती. मी अख्ख्या शॉपची एकच सीनियॉरिटी यादी केली, मोल्डर (साचे करणारे), फेटलिंगवाले (ओतलेला माल घासून साफ करणारे), सीएनसी मशीनचे ऑपरेटर सगळे एकात, आणि एका कामगारानंच मला दाखवून दिलं की साहेब, यादी कॅटेगरीवार पाहिजे. त्याचं बरोबर होतं. ज्या कॅटेगरीत माणसं जास्त झालीत त्यात जो शेवटी आला तो आधी जातो. हा क्रम मोडायचा असेल तर कारण लेखी पाहिजे, आणि 'तो उलटं बोलतो' हे कारण होत नाही. यादी सातेक दिवस आधी बोर्डावर लावा, तारखांच्या चुका तिथंच निघतात.

पैशाचा हिशोब बोलायच्या आधी तयार ठेवा. समजा मोल्डरचा सरासरी पगार १८,०००, सर्व्हिस ८ वर्षं ७ महिने. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे ९ वर्षं. दर वर्षाला १५ दिवस, म्हणजे ९,००० गुणिले ९, झाले ८१,०००. ग्रॅच्युइटी वेगळी, ती महिन्याचा पगार २६ नं भागून, मग १५ दिवस आणि ९ वर्षांनी गुणून काढतात, सोयीसाठी पगार तेवढाच धरला तर ९३,४६२. नोटीस दिली नसेल तर अजून १८,०००. एकूण १,९२,४६२, वर शिल्लक रजा आणि बोनस. शिवाय नव्या संहितेत री-स्किलिंग फंड (नवीन काम शिकण्यासाठीचा निधी) आलाय, त्यात मालकानं १५ दिवसांचा पगार भरायचा आणि तो कपातीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जातो. एवढी रक्कम हातात नसेल तर तारीख पुढं ढकला. भरपाई 'पुढच्या महिन्यात देतो' म्हटलं की कपातच बेकायदेशीर ठरू शकते. राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची.

सांगायचं काम मालकानं स्वतः करावं, व्हॉट्सॲपवर नको, गेटवरच्या वॉचमनकडनं तर अजिबात नको. एकेकाला केबिनमध्ये बसवा, चहा सांगा, हिशोबाचा कागद मराठीत त्याच्या हातात द्या, आणि लगेच सही मागू नका, घरी नेऊन पोराला दाखवू दे. युनियन असेल तर त्यांच्याशी आधी बोला. मॅटर्निटी लीव्हवरच्या बाईला काढायचा विचारही करू नका, ते बेकायदा आहे.

जाताना अनुभवाचा दाखला द्या, पीएफमध्ये एक्झिट डेट त्याच आठवड्यात टाका, नाहीतर बिचारा पैसे काढायला हेलपाटे घालतो. मी उद्यमनगरातल्या ओळखीच्या चार वर्कशॉपवाल्यांना फोन केले, सातपैकी तिघांना तिथं काम लागलं. राहिलेल्या चौघांचे नंबर माझ्या केबिनमध्ये लावलेत, कारण वर्षाच्या आत पुन्हा भरती निघाली तर पहिला फोन काढलेल्या माणसांनाच करावा लागतो, कायद्यानंच.