सीलिॲक असलेल्या लहान मुलाच्या घरी या चुका टाळा

आमच्या मुलीला चौथ्या वर्षी सीलिॲक, म्हणजे गहू खाल्ल्याने आतड्याला इजा होण्याच्या आजाराचे निदान झाले आणि त्याच दिवशी तिची पोळी, शिरा, शेवया आणि बिस्किटे बंद झाली. तरीही सहा महिन्यांनी केलेल्या रक्तचाचणीत टीटीजी अँटिबॉडीचे (या आजारात रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडाचे) प्रमाण जवळजवळ पूर्वीइतकेच निघाले आणि वजनही फारसे वाढलेले नव्हते. चूक कुठे होत आहे हे कळेना, म्हणून तिच्या ताटातल्या एकेका पदार्थाचा आम्ही उलटा माग काढला, तेव्हा ती चूक गिरणीत सापडली. आम्ही ज्वारी घरी नीट निवडून देत होतो, पण गिरणीत ती कोणाच्या तरी गव्हावर दळली जात होती. ‘ज्वारीवर ज्वारी टाका’ असे सांगूनही भागत नाही, कारण जात्यात, पिठाच्या पिशवीत आणि हवेत उडणाऱ्या पिठात गहू असतोच. शेवटी आम्ही घरघंटी घेतली, तिच्यात गव्हाचा दाणाही न घालण्याचे ठरवले आणि ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ एवढेच त्यात दळू लागलो. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला.

एवढ्याशा पिठाने असे का व्हावे, हे घरातल्या प्रत्येकाला समजणे आवश्यक आहे. हा ‘गहू न पचण्याचा’ त्रास नाही. गहू, सातू (जव) आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते, अन्नरस शोषणारे सूक्ष्म उंचवटे झिजतात आणि मूल खाऊनही खुरटत जाते. एका पोळीत साधारणपणे दोन-तीन ग्रॅम ग्लूटेन असते आणि रोज 50 मिलिग्रॅम, म्हणजे पोळीचा जेमतेम पन्नासावा भाग पोटात जात राहिला, तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होऊ शकते. ‘ग्लूटेनमुक्त’ अन्नासाठी किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा ठेवलेली आहे, ती यामुळेच.

दुसरी मोठी चूक म्हणजे पोट दुखले नाही की सारे ठीक आहे असे मानणे. आमच्या सासूबाई सुरुवातीला म्हणत, “अगं, एका घासाने काय होतंय? परवा दिली होती, काही झालं नाही.” त्यांचे नातीवरचे प्रेम खरे होते आणि पोळीचा तुकडा नाकारताना त्यांचा हात थरथरलेला मी पाहिला आहे, म्हणून त्यांच्याशी वाद घालण्यात मला अर्थ वाटला नाही. पुढच्या भेटीला आम्ही त्यांना डॉक्टरांकडे बरोबर नेले आणि त्यांच्या शंका त्यांनाच विचारू दिल्या. त्या दिवसापासून नातीच्या भाकरीचे पीठ त्याच सांभाळतात. घरात चोरून खाऊ घालणारे कोणी असेल, तर त्यांना रागावण्यापेक्षा मुलाच्या जेवणातले एखादे काम त्यांच्याकडे सोपवावे, असे माझे ठाम मत आहे.

स्वयंपाकघरात नावांवरूनही फसगत होते. खपली हा गहूच आहे, त्यामुळे तो ‘देशी’ असला तरी चालत नाही. मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि सातूचे पीठ यांत बहुधा गहू किंवा सातू असतो. डब्यातल्या हिंगात अनेकदा मैदा मिसळलेला असतो आणि तो रोजच्या आमटीत पडतो, म्हणून वेष्टनावरचे घटक वाचावेत. दुधात घालण्याच्या पावडरींमधले माल्ट हे सामान्यतः सातूचेच असते. साबुदाणा, वरी, राजगिरा आणि शिंगाडा मात्र मुळात ग्लूटेनमुक्त आहेत, त्यामुळे उपवासाचे पदार्थ मोठा आधार देतात. फक्त पीठ आणि तळणीचे तेल गव्हापासून वेगळे हवे. लाकडी पोळपाट-लाटणे आणि चाळणी मुलासाठी स्वतंत्र ठेवावी, तवाही शक्यतो वेगळा असावा आणि भाकरी करणाऱ्यांचे हात कणकेचे नसावेत. आमच्याकडे आधी भाकऱ्या होतात, मग पोळ्या.

मूल एकटे पडणे हेही आजाराइतकेच जिव्हारी लागते. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा सगळ्यांना आणि तिला मात्र वेगळी वाटी, असे एकदा झाले, तेव्हा ती वाटी घेऊन ती दाराआड जाऊन बसली. पुढच्या वर्षी गुरुजींना विचारून आम्ही सर्वांसाठीच तांदळाच्या रव्याचा शिरा केला.

ज्यांच्या मुलाचे निदान अजून व्हायचे आहे, त्यांनी शंका येताच गहू बंद करू नये. तसे केल्यास रक्तचाचणी आणि आतड्याच्या तुकड्याची तपासणी, दोन्ही खोट्या ‘नॉर्मल’ येऊ शकतात. आणि निदान झालेच, तर भावंडांची व आईवडिलांचीही चाचणी करावी, कारण जवळच्या रक्ताच्या नात्यात सुमारे दहांपैकी एकाला हा आजार आढळतो. आमच्या मोठ्या मुलाला काहीच तक्रार नव्हती, तरी आम्ही त्याची चाचणी करून घेतली. ती निर्दोष आली असली, तरी डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार काही वर्षांनी ती पुन्हा करायची आहे.