योरुबा आडनावाचा अर्थ कसा लावावा आणि ते आज कुठे आढळते हे कसे शोधावे

योरुबा, म्हणजे मुख्यतः नायजेरियाच्या नैर्ऋत्येकडील समाज. त्यांचे आडनाव हा पुष्कळदा नुसता शब्द नसतो, ते एक आखे वाक्य असते. आदेयेमी म्हणजे ‘मुकुट मला शोभतो’, बाबातुंदे म्हणजे ‘बाबा पुन्हा आले’, ओयेलोवो म्हणजे ‘पदाला मान असतो’. त्यामुळे अशा आडनावाचा अर्थ हवा असेल तर शब्दकोशात पूर्ण आडनाव शोधत बसण्यापेक्षा ते वाक्य सोडवायला शिकणे अधिक उपयोगाचे ठरते. त्या आडनावाची माणसे आज कुठे राहतात हा प्रश्नही याच कामाला जोडलेला आहे, कारण एकाच वाक्याची चार देशांत चार स्पेलिंगे झालेली असतात आणि मूळ वाक्य ठाऊक नसेल तर ती एकाच नावाची रूपे आहेत हे लक्षात येत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी अर्थ, मग मोजणी. उलट क्रमाने गेलेल्यांची दोन्ही उत्तरे चुकलेली मी अनेकदा पाहिली आहेत.

सर्वांत आधी नावाचे खरे लेखन मिळवावे. योरुबात उच्चारताना आवाजाच्या उंचीच्या तीन पातळ्या आहेत, उच्च, मध्यम आणि खालची. उच्च आणि खालची पातळी अक्षरावर उलटसुलट तिरक्या रेघा देऊन दाखवतात, तर मध्यम पातळी मोकळी सोडतात. याशिवाय तीन अक्षरांखाली बिंदू येतो. एक बिंदू ‘ओ’चा ‘ऑ’ करतो, दुसरा ‘ए’ अधिक उघडा करतो आणि तिसरा ‘स’चा ‘श’ करतो. पासपोर्ट, शाळेचा दाखला, बँकेचे खाते यांपैकी कशावरही या खुणा सहसा टिकत नाहीत. नायजेरियन लेखक वोले सोयिंका यांचे नाव आपण सर्वांनी ‘स’ने वाचलेले असते, पण योरुबा माणूस ते ‘शोयिंका’ असेच उच्चारतो. छपाईत गळाला तो अक्षराखालचा बिंदू.

खुणा गळाल्याने काय घोटाळा होतो हे ‘ओजो’ या अगदी साध्या आडनावावरून कळते. रोमन लिपीतील त्या तीन अक्षरांमागे निदान तीन शब्द दडलेले असू शकतात. पहिला म्हणजे गळ्याभोवती नाळ गुंडाळलेल्या स्थितीत जन्मलेल्या मुलाला मिळणारे नाव, दुसरा पाऊस आणि तिसरा, दोन्ही स्वर उघडे केले तर, दिवस. आडनावात जवळपास नेहमी पहिलाच अर्थ असतो, पण नुसत्या अक्षरांवरून अंदाज बांधणारा माणूस हटकून ‘पाऊस’ लिहून मोकळा होतो. ‘ओगुन’चेही तसेच आहे. या पातळ्यांच्या एका क्रमात तो लोखंडाचा देव आहे, दुसऱ्यात युद्ध, तिसऱ्यात वीस हा आकडा किंवा वारसा. ओगुनबियी या आडनावातला ओगुन हा देव आहे, आणि ओलुसेगुन या नावाच्या शेवटी उरलेला ‘गुन’ युद्धातून आला आहे. त्या नावाचा अर्थ ‘प्रभूने विजय मिळवला’ असा होतो. दोन्हींत अक्षरे तीच दिसतात आणि अर्थाचा एकमेकांशी काही संबंध नाही.

लेखन हाती आले की तुकडे पाडावेत. सुरुवातीचा तुकडा बहुधा ओळखीचा निघतो: ‘आदे’ म्हणजे मुकुट, ‘ऑला’ म्हणजे मानमरातब, ‘ओये’ म्हणजे पदवी, ‘अकिन’ म्हणजे शूर, ‘ओलु’ म्हणजे धनी किंवा प्रभू, ‘ऑडे’ म्हणजे शिकारी, ‘अयान’ म्हणजे ढोलवादकांचे कूळ, ‘फा’ म्हणजे इफा ही भविष्यकथनाची परंपरा. या शेवटच्या तुकड्यात एक नियमही दिसतो. दोन स्वर शेजारी आले की त्यांतला एक बहुधा गळतो, म्हणून इफाचा ‘फा’ होतो. तुकडे पाडताना गळालेला स्वर परत घालून पाहिल्याशिवाय वाक्य जुळत नाही.

आदेतोकुन्बो हे आडनाव घेऊन हे करून पाहू. पहिला तुकडा आदे, म्हणजे मुकुट. शेवटचा ‘बॉ’, म्हणजे परत येणे. मधल्या ‘तोकुन’चा शब्दकोशात पत्ता लागत नाही, कारण तो एक शब्दच नाही. ‘ति’ म्हणजे ‘-हून’ आणि ‘ओकुन’ म्हणजे समुद्र; ‘ति’मधला स्वर गळून दोन्ही एकमेकांना चिकटले आहेत. जोडून वाचले की ‘मुकुट समुद्रापलीकडून परत आला’ असे वाक्य मिळते. परदेशात जन्मलेल्या किंवा परदेशातून आणलेल्या मुलाला तोकुन्बो म्हणण्याची रीत त्यातूनच आली. जाता जाता सांगायचे तर आजच्या नायजेरियात ‘तोकुन्बो’ हा शब्द वापरलेल्या आयात मोटारीसाठीही सर्रास चालतो, आणि समुद्रापलीकडून आलेली ही दुसरी वस्तू बाजारात नावापेक्षा जास्त वेळा ऐकू येते.

वाक्य लागले म्हणजे काम संपले असे मानू नये, ते वाक्य कोणाबद्दल बोलते हेही ठरवावे लागते. योरुबा परंपरेत बाळाचे नामकरण आठव्या दिवशी होते आणि नावांचे ठरलेले प्रकार आहेत. काही नावे बाळ ‘स्वर्गातून सोबत घेऊन येते’ असे मानतात. पालथे जन्मलेले ते अजायी, पायाळू ते इगे, जुळ्यांतले आधी बाहेर आलेले ताइवो आणि मागून आलेले केहिंदे, जुळ्यांनंतरचे इदोवू. ताइवो म्हणजे ‘जगाची चव घेऊन पाहा’, आणि गंमत अशी की मागून येणारा केहिंदेच थोरला समजला जातो, कारण त्यानेच धाकट्याला पुढे पाठवले. काही नावे घरातल्या परिस्थितीवरून पडतात. मुले वारंवार दगावत असतील तर मृत्यूला चकवणारे नाव ठेवत. कोसोको म्हणजे ‘कुदळ नाही’, अर्थात खड्डा खणायला अवजारच उरलेले नाही. 1845 ते 1851 या काळात लागोसच्या गादीवर असलेल्या राजाचे नाव हेच होते. अशी नावे आज आडनावे झाली आहेत, पण त्यांतली हकीकत कोणा तरी पूर्वजाच्या जन्माची असते. आज अजायी आडनाव लावणारी मुलगी पालथी जन्मली असे त्यातून निघत नाही.

हे नाव आडनाव कधी झाले, हा यापुढचा प्रश्न. पिढ्यान्‌पिढ्या चालत येणारे आडनाव योरुबा समाजात तुलनेने अलीकडचे आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनच्या शाळा, बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि नंतर वसाहतीचा कारभार यांना घराण्याचे एक ठाम नाव हवे होते, आणि तेव्हा बापाचे किंवा आजाचे स्वतःचे नावच आडनाव म्हणून गोठले. सॅम्युएल अजायी क्राउदर यांच्या नावात हा काळ सरळ दिसतो. 1821 मध्ये गुलाम म्हणून पकडले गेलेले, 1822 मध्ये ब्रिटिश नौदलाने सोडवून सिएरा लिओनमधील फ्रीटाउनला आणलेले आणि 1864 मध्ये अँग्लिकन पंथाचे पहिले आफ्रिकी बिशप झालेले हे गृहस्थ. त्यांच्या नावातला अजायी जन्माबरोबरचा आहे आणि क्राउदर एका इंग्रज पाद्र्याकडून आलेला. योरुबाचे व्याकरण आणि शब्दसंग्रह त्यांनी 1843 मध्ये छापला. गुलामगिरीतून सुटून ब्राझीलहून लागोसला परतलेल्या कुटुंबांनी दा सिल्वा, दा रोशा, परेरा अशी पोर्तुगीज आडनावे टिकवली, आणि मुस्लिम घराण्यांत लावाल, बाकारे, सालामी अशी अरबी मुळाची आडनावे रूढ आहेत. म्हणजे योरुबा माणसाचे आडनाव योरुबाच असेल हे गृहीत धरता येत नाही, आणि ज्यांची आडनावे योरुबा नाहीत ते मोजणीतून गळतात.

धर्मांतराची खूणही नावावर राहते. ख्रिस्ती झालेल्या अनेक कुटुंबांनी ओगुन, फा किंवा एशू हा देवतेचा तुकडा काढून त्या जागी ओलु किंवा ओलुवा बसवला आणि बाकीचे वाक्य तसेच ठेवले. हा बदल आजही चालू आहे. नायजेरियातील वृत्तपत्रांत रोज नावबदलाच्या छोट्या जाहिराती येतात आणि त्यांचा साचा ठरलेला असतो: पूर्वी अमुक नावाने ओळखली जाणारी मी यापुढे तमुक नावाने ओळखली जावी, आधीची सर्व कागदपत्रे वैध राहतील, जनतेने नोंद घ्यावी. आडनावाचा माग काढणाऱ्याला या जाहिरातींसारखे दुसरे साधन नाही, कारण त्यांत जुने आणि नवे रूप एकाच वाक्यात मिळते. दुर्लक्ष मात्र सर्वाधिक त्यांच्याकडेच होते.

आता प्रसाराकडे वळू. योरुबा भाषकांचा मूळ प्रदेश म्हणजे नायजेरियाच्या नैर्ऋत्येकडील लागोस, ओगुन, ओयो, ओसुन, ओंडो आणि एकिती ही राज्ये, त्यांना लागून क्वारा आणि कोगीचा काही भाग, आणि सीमेपलीकडे बेनिन व टोगोतील पट्टा. नायजेरियाची शेवटची जनगणना 2006 मध्ये झाली आणि तिच्यातून आडनावांची यादी निघालेली नाही. त्यामुळे ‘या आडनावाची नायजेरियात इतकी माणसे’ असा नेमका आकडा एखाद्या संकेतस्थळावर दिसला तर तो अंदाज आहे असे समजावे आणि तो कशावरून काढला हे आधी पाहावे.

आकडा नसला तरी आडनावाच्या पहिल्या तुकड्यावरून प्रदेशाचा सुगावा लागतो. शोयिंकासारखी ‘शो’ने सुरू होणारी आडनावे इजेबू आणि एग्बा भागात, म्हणजे आजच्या ओगुन राज्यात, विशेष आढळतात. ‘अकिन’ ओंडोकडे ठळकपणे दिसतो. ‘फा’ एकितीत वारंवार भेटतो. त्या राज्याचे दोन माजी राज्यपाल फायेमी आणि फायोसे हे आहेत. तरीही एवढ्यावर गाव ठरवू नये. 2007 ते 2015 या काळात लागोसचे राज्यपाल असलेले फाशोला यांच्या आडनावातही तोच ‘फा’ आहे आणि ते लागोसचेच.

‘आदे’च्या बाबतीत तर आणखी जपून राहावे. मुकुट आला म्हणजे घराणे राजाचे, असा समज सर्वत्र आहे आणि मुळात त्यात तथ्यही होते. ओयोच्या गादीवर 1876 मध्ये पहिले आदेयेमी बसले आणि 2022 मध्ये निधन पावलेले तिसरे आदेयेमी त्यांचेच वंशज. पण हेच वाक्य मुलाच्या नावासाठी आवडलेली कुटुंबे असंख्य होती, आणि त्यांचे एकमेकांशी किंवा ओयोच्या राजवाड्याशी नाते नाही. कूळ ओळखायचे तर आडनावापेक्षा त्या घराण्याची ‘ओरिकी ओरिले’, म्हणजे कुळाची स्तुतिवचने, विचारावीत. ओनिकोयी किंवा ओपोमुलेरो अशा कुळांची वचने वेगवेगळी आहेत आणि ती पाठ असणारी म्हातारी माणसे अजून सापडतात.

नायजेरियाबाहेर शोधताना त्या आडनावाच्या शक्य तितक्या स्पेलिंगांची यादी आधी हाताशी ठेवावी. इंग्रजी वळणात ‘श’ कधी एका अक्षराने तर कधी दोन अक्षरांनी लिहितात, म्हणून फासोला आणि फाशोला हे एकच आडनाव. बेनिनमध्ये फ्रेंच वळणाने ‘श’साठी वेगळी जोडी येते, ‘ज’ आधी ‘ड’ घेतो आणि ‘उ’ दोन अक्षरांनी लिहिला जातो, म्हणून तेच अजायी तिथे वेगळे दिसते. सर्वांत चमत्कारिक प्रवास आदेतोकुन्बोचाच झाला. अथेन्समध्ये जन्मलेल्या बास्केटबॉलपटू यानिसच्या घरचे हे आडनाव. ग्रीक लिपीत ‘द’ लिहायला ‘न’ आणि ‘ट’ची जोडी लागते आणि ‘ब’ लिहायला ‘म’ आणि ‘प’ची. 2013 मध्ये नागरिकत्व मिळताना तेच ग्रीक लेखन अक्षर-अक्षर रोमनमध्ये उतरवले गेले, आणि ‘अँटेटोकुन्म्पो’ हे एरवी कुठेही न आढळणारे रूप तयार झाले. यादीत ते नसेल तर या आडनावाचा सर्वांत प्रसिद्ध धारकच शोधात हाती लागत नाही. याशिवाय संक्षेपही पाहावेत. अभिनेता जॉन बोयेगा याचे मूळ आडनाव आदेग्बोयेगा आहे.

अमेरिकेत काम तुलनेने सोपे. तिथल्या जनगणना कार्यालयाने 2010 च्या मोजणीत 100 किंवा अधिक लोकांनी लावलेल्या आडनावांची यादी खुली केली आहे आणि तीत 1,62,253 आडनावे आहेत. यादी प्रत्येक स्पेलिंग वेगळे धरते, म्हणून आपल्या यादीतली सर्व रूपे स्वतः बेरीज करून घ्यावीत, आणि एखादे रूप तिथे नसेल तर त्याचा अर्थ ‘100 पेक्षा कमी’ असा लावावा, ‘शून्य’ असा लावू नये. आकडे वाचताना स्थलांतराचा काळही डोळ्यांसमोर ठेवावा. 1960 मध्ये नायजेरिया स्वतंत्र झाला त्या सुमारास गेलेले बरेचसे विद्यार्थी होते. 1986 मध्ये देशात आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम आला आणि बाहेर जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले. ब्रिटनमध्ये लंडन, विशेषतः पेकहॅमचा परिसर, आणि अमेरिकेत ह्यूस्टन ही ठिकाणे आधी तपासावीत.

लग्नानंतर बदललेली आडनावेही मोजणीबाहेर राहतात. ब्रिटनमधील राजकारणी केमी बेडनॉक यांचे माहेरचे आडनाव आदेगोके. कोणत्याही यादीत आज त्यांची नोंद एका स्कॉटिश आडनावाखाली होईल. ब्राझीलमध्ये तर आडनावांच्या याद्यांवर विसंबूच नये, कारण गुलामगिरीत ती पुसली गेली आणि योरुबा नावे टिकली ती कॅन्डोम्ब्ले या आफ्रिकी मुळाच्या ब्राझिलियन धर्माच्या घराण्यांत. साल्वादोरच्या परंपरेत ज्यांना बाम्बोशे म्हणतात, त्यांचे नाव योरुबात बाम्ग्बोशे आहे, म्हणजे ‘शांगोचा (मेघगर्जनेच्या देवाचा) दंड उचलायला मला हात दे’. लागोस बेटावरील ब्राझिलियन वस्तीत याच नावाचा रस्ता आहे.